रिकामं स्वयंपाकघर

सासरे बाथरूममध्ये पडले तेव्हा ती घरात नव्हती. दोन दवाखान्यांत कवळ्या पोचवायला गेली होती. तोच तिचा धंदा. दातांचे डॉक्टर मापं घेऊन पाठवायचे आणि ती हॉलच्या खिडकीशी मांडलेल्या टेबलावर बसून, बर्नरच्या निळ्या ज्योतीवर सुरी तापवून, मेणात एकेक दात रोवायची. इमारतीत तिला सगळे कवळीवाली म्हणायचे. सासऱ्यांच्या तोंडातली बत्तिशीही तिच्याच हातची. "लोक सुनेच्या हातचं खातात, मी सुनेच्या दातांनी खातो," हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

ती परतली तेव्हा नळ वाहत होता. दार लोटलं तर म्हातारे कुशीवर पडलेले, ओठ निळसर, एक हात बादलीच्या कडेला. तिच्या चपलांकडे बघून म्हणाले, "आलीस का? सावकाश. मी कुठे पळून चाललोय."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, काठी आली, आणि हळूहळू ते घरातल्या घरात फिरायलाही लागले. घरात पूर्ववत झाला नाही तो त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा.

तो बंदरावर क्रेन चालवायचा. सहासात मजल्यांच्याही वर टांगलेल्या काचेच्या केबिनमध्ये बसून जहाजावरचे कंटेनर उचलायचे आणि खाली रांगेत उभ्या ट्रेलरवर अलगद ठेवायचे. केबिनमध्ये फोन न्यायची बंदी होती. तो इमानदारीत आपला फोन खाली कपाटात ठेवून वर जायचा. त्यामुळे बाप ओल्या फरशीवर पडलेला असताना त्याला पत्ता नव्हता. उलट त्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा खाऊन त्याने खुर्चीतच एक डुलकी काढली होती. ही डुलकी त्याच्या मनातून जाईना.

"मी तिकडे झोपलो होतो," तो म्हणायचा.

"तुला कुठे माहीत होतं?"

"तेच म्हणतोय मी. मला माहीतच नव्हतं."

मग एका रविवारी तो कॅमेरा घेऊन आला. मुठीत मावेल एवढा पांढरा गोळा, त्याला एक काळा डोळा. हॉलच्या कोपऱ्यात, छताजवळ बसवला. सगळ्यांना बरंच वाटलं. तिलाही वाटलं, त्या दिवसानंतर घराबाहेर पडताना तिचाही पाय निघत नसे. सासरे सकाळी कॅमेऱ्याला सलाम ठोकायचे. "साहेब, हजर आहे."

"धाकट्या," ते मुलाला म्हणाले, "हे बरं केलंस. आता निदान मी पडलेला तुला दिसेन तरी." एकुलत्या एका मुलाला ते धाकट्या म्हणायचे. मग थोरला कोण, असं कुणी विचारलं तर स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचे.

हॉलमधून बाथरूमचं दार दिसत नव्हतं, म्हणून दुसरा कॅमेरा बोळकंडीत आला. म्हातारे स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातात, म्हणून तिसरा तिथे. आणि त्याचा फोन आता कपाटात राहीनासा झाला. तो बनियनच्या आत लपवून वर न्यायचा आणि केबिनमध्ये, उजव्या हाताच्या काचेशी, चुंबकाच्या पट्टीवर चिकटवून ठेवायचा. हे त्याने तिला अभिमानाने सांगितलं. तिने विचारलं, "आणि कुणी पाहिलं तर?"

"तिथे वर कोण येतंय बघायला?"

कॅमेऱ्याला नुसता डोळा नव्हता, तोंडही होतं. हे तिला कळलं ते एका दुपारी. ती टेबलाशी बसून समोरच्या दातांच्या मधली फट जुळवत होती. हातात तापलेली सुरी. अचानक डोक्यावरून नवऱ्याचा आवाज आला, "बाबांनी गोळी घेतली का?" तिचा हात उडाला आणि सुरी डाव्या तर्जनीला चाटून गेली.

"अगं काय झालं? भाजलं का? पाण्याखाली धर. तिथे नको, स्वयंपाकघरात जा."

ती स्वयंपाकघरात गेली. तिथेही तोच आवाज. "थोडा वेळ धर. नळ बारीक कर."

त्यानंतर आवाज येतच राहिला. गॅसवर काहीतरी उतू जातंय. बाबा काठीशिवाय उठले. दार कुणी वाजवलं? एवढा वेळ दारात कुणाशी बोलत होतीस? तो ओरडत नसे, आवाजात रागही नसे. असायची ती काळजी, आणि काळजीला उलट बोलता येत नाही. सासरे हसून म्हणायचे, "उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकलं होतं. हा क्रेनवरून हाकतोय." पण हसता हसता त्यांची नजर छताकडे जायची, आणि मग ते काठी शोधायला लागायचे.

तिला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लग्न झाल्यापासून त्यांची एक सवय होती. तो कामावरून आला की दोघं स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी चहा घेऊन बसायची. तो कुठलं जहाज आलं, वारा किती होता, मुकादम कुणावर भडकला ते सांगायचा. ती डॉक्टरांच्या गमती सांगायची. एकदा एका वकिलाने कवळी नीट बसली नाही म्हणून ती चालू खटल्यात काढून खिशात ठेवली होती, ते सांगताना दोघांना ठसका लागला होता. बोलण्यासारखं काही नसलं तरी बोलणं व्हायचं.

आता ती सुरुवात करायची, "आज खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या, त्यांच्या..."

"बघितलं. बराच वेळ बसल्या."

"आणि बाबांनी आज स्वतःहून..."

"खिडकी उघडली. बघितलं मी."

दिवसभरातलं त्याने सगळं पाहिलेलं असायचं. तिला सांगायला काही उरायचं नाही. त्याच्याकडे सांगायला काही नसायचं, कारण दिवसभर तो त्याच्या कामावर नव्हताच. तो घरातच होता, छताजवळ. चहा निवायचा आणि तो फोनवर दुपारचं चित्रण पुढेमागे सरकवत बसायचा, काही नजरेतून निसटलं का ते बघायला.

एका संध्याकाळी ती त्याच्या शेजारी बसली होती. हॉलमध्ये, एकाच सोफ्यावर, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. तिने त्याच्या फोनकडे पाहिलं. फोनवर हॉल होता. हॉलमधला सोफा होता, आणि सोफ्यावर दोन माणसं होती, वरून पाहिलेली, डोक्यांचे भोवरे आणि खांदे. बाई बाप्याच्या हातातल्या फोनमध्ये डोकावत होती.

"अरे, आपण इथेच आहोत की," ती म्हणाली.

"हो, असंच. चालू राहिलं."

पलीकडच्या खुर्चीतून सासरे म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." तो कसनुसा हसला. फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला.

स्वयंपाकघरात फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये फूटभर जागा होती. झाडू आणि रिकाम्या पिशव्या ठेवायची. एकदा झाडू घ्यायला ती आत सरकली आणि तिच्या लक्षात आलं की इथून कॅमेऱ्याचा काळा डोळा दिसत नाही. म्हणजे त्यालाही ती दिसत नसणार. ती तिथे जरा वेळ उभी राहिली. फ्रिजची गरम बाजू दंडाला लागत होती. काही करायचं नव्हतं, नुसती उभी राहिली.

मग ती रोज तिथे जायला लागली. सफरचंद खायला, केस सोडून पुन्हा बांधायला, ताईला फोन करायला. ताई तिची मोठी बहीण, दुसऱ्या शहरात राहायची. "तू इतकी हळू का बोलतेस?" ताई विचारायची. "कुणी आहे का तिथे?"

"कुणी नाही."

"मग?"

ती विषय बदलायची. मारत नाही, ओरडत नाही, घरी वेळेवर येतो, बापासाठी जीव टाकतो. तक्रार करायची तर कशाची? ताईला सांगितलं असतं तर ताई म्हणाली असती, माझा नवरा समोर असून बघत नाही, तुझा तिकडून बघतो, नशीबवान आहेस.

सासऱ्यांना मात्र ती जागा ठाऊक होती. एकदा पाणी प्यायला आले आणि फ्रिजशेजारी उभ्या सुनेकडे न बघताच, भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले, "मला तिथे मावता आलं असतं तर मीही आलो असतो."

हे किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. पण फोनवर बघणाऱ्यालाही कधीतरी कळणारच होतं. एका संध्याकाळी त्याने विचारलं, "दुपारी फ्रिजकडे गेलीस आणि नंतर दिसलीच नाहीस. कुठे होतीस?"

"तिथेच."

"काय करत होतीस?"

"उभी होते."

"एवढा वेळ?"

"ताईशी बोलत होते."

"मग समोर उभं राहून बोलायचं ना. मी काय ऐकतो का तुझं? मला फक्त माणसं दिसली म्हणजे झालं. माणसं दिसत नाहीत तेव्हा माझं डोकं काम करत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना, बूट घालता घालता तो सहज म्हणाला, "त्या फ्रिजच्या कोपऱ्यासाठी अजून एक आणतो. म्हणजे प्रश्नच मिटला."

तो गेला. ती दाराशी उभी राहिली. आपण कशाला घाबरतोय हेही तिला नीट कळेना. तिने कामाला हात घातला, पण एका बाईच्या वरच्या जबड्याचे दात तीनदा बसवूनही ओळ सरळ येईना. दुपारी सासऱ्यांना जेवायला वाढायच्या वेळी डोक्यावरून आवाज आला, "तुझं काही बिनसलंय का? सकाळपासून तोंड पाडून आहेस."

ती सरळ हॉलच्या कपाटाकडे गेली. तिथे इंटरनेटचा डबा होता, हिरवे दिवे लुकलुकणारा. तिने त्याची पिन उपटली. दिवे विझले.

सासरे हातातला चमचा तसाच धरून बघत राहिले. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून मान हलवली, चमचा ठेवला आणि जुन्या सवयीने दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसले. पाय खुर्चीवर घेऊ नका हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मुलगा रोज वरून आठवण करून द्यायचा. "आज खाऊ दे मला असं," ते म्हणाले. ती हसली. ते दोघं सावकाश जेवले. तिच्या फोनवर नवऱ्याचे फोन येत होते. एक आला, दुसरा आला. तिने फोन पालथा करून ठेवला. मनात म्हणाली, संध्याकाळी बोलेन. आज सगळं बोलेन. मग टेबलाशी बसली आणि दातांची ओळ पहिल्या झटक्यात सरळ आली.

फोन वाजायचा थांबला. काही वेळाने तिला ती शांतता जाणवली. तिने फोन सुलटा करून पाहिला. आता त्याचा नवा एकही फोन नव्हता. तिने लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बंदच. तिने डब्याची पिन परत लावली, दिवे लुकलुकायला लागले, पण वरून आवाज आला नाही.

"अहो, काहीतरी बोल रे," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, एका दमात अहो आणि अरे. सासऱ्यांनी वर पाहिलं, पण ते हसले नाहीत.

अनोळखी नंबरवरून फोन आला तो बंदराच्या मुकादमाचा होता. "वहिनी, घाबरू नका. त्याला काही झालेलं नाही. पण तुम्ही इकडे आलात तर बरं होईल."

त्याला काही झालेलं नाही म्हणजे दुसऱ्या कुणाला झालंय, हे तिला जिना उतरतानाच कळलं. सासऱ्यांजवळ खालच्या मजल्यावरच्या काकूंना बसवून ती निघाली.

बंदराच्या फाटकावर तिला आत सोडेनात. पास नव्हता. लोखंडी जाळीपलीकडे क्रेनची रांग दिसत होती. सगळ्या हलत होत्या, एक सोडून. त्या एका क्रेनखाली पिवळी जाकिटं घातलेली माणसं गोळा झाली होती. इतक्या लांबून कुणाचे चेहरे दिसत नव्हते. ती जाळीला बोटं अडकवून डोळे फाडफाडून बघत राहिली. खाली बसलेला तो आहे का? की तो उभा आहे तो? एक रुग्णवाहिका आतून आली आणि फाटकातून निघून गेली. तिच्या काचा काळ्या होत्या. कुणीतरी जवळ येऊन काहीतरी सांगावं, एवढंच तिला वाटत होतं. आपण पिन उपटली, आपण फोन पालथा ठेवला, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

शेवटी मुकादम येऊन तिला आतल्या कचेरीत घेऊन गेला. नवरा बाकावर बसला होता, हात मांड्यांखाली दाबून.

टेबलामागे सुरक्षा अधिकारी होत्या, चष्मा लावलेल्या, वयस्क. त्यांच्यासमोर नवऱ्याचा फोन होता. चुंबकाची पट्टी अजून त्याला चिकटलेली.

"बसा," त्या म्हणाल्या. "हे तुमचंच घर का?"

इंटरनेट परत आल्यावर चित्र पुन्हा सुरू झालं होतं. पडद्यावर तिचं स्वयंपाकघर होतं. ओटा, टेबल, फ्रिज, फ्रिजची कड. कुणी नव्हतं.

"हो."

"कंटेनर लटकत असताना तुम्ही हे बघत होता?" त्यांनी त्याला विचारलं.

"तेव्हा तेही नव्हतं," तो म्हणाला. "पडदा काळा होता. घर गेलं होतं. मी ते परत आणायचा प्रयत्न करत होतो."

"म्हणजे यात काहीच दिसत नव्हतं."

"नाही."

"आणि काचेतून खाली?"

तो फोनकडे बघत राहिला. त्यांनी चष्मा काढून पुसला. कंटेनर तिरका उतरला होता. त्याचा कोपरा ट्रेलरच्या केबिनच्या टपावर बसला आणि टप आत गेला. आत चालक होता. त्याचं गळपट्टीचं हाड आणि खांदा मोडला होता. "वीतभर इकडे आला असता तर," त्या म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच सोडलं.

चौकशी होईपर्यंत त्याचा क्रेनचा परवाना गेला. दोघं बसने घरी आली. घराच्या दाराशी, कुलपात किल्ली घालायच्या आधी तो म्हणाला, "तू ते बंद केलं नसतंस तर."

ती याचीच वाट बघत होती. "तू बघत नसतास तर," ती म्हणाली.

"मी काळजीने बघत होतो."

"मी जीव घुसमटून बंद केलं."

आतून म्हाताऱ्यांचा आवाज आला, "दार उघडा आधी. चोर आहेत की काय वाटतंय मला."

पुढचे दिवस वाईट गेले. तो दिवसभर घरात, आणि तरीही फोन हातात. बाप समोर खुर्चीत, बायको समोर टेबलाशी, आणि हा त्यांना फोनवर बघत बसलेला. ती पाणी प्यायला उठली की त्याच्या फोनवर टिंग वाजायचं, हालचाल झाली म्हणून. ती फ्रिजशेजारच्या जागेत जाईनाशी झाली. तिला आता तिथेही भीती वाटायची, जणू ती तिथे उभी राहिली की कुठेतरी काहीतरी कोसळेल. ताईचा फोन तिने उचलला नाही. एका सकाळी हातातला दात निसटून फरशीवर पडला तर ती रडायलाच लागली. तो उठून जवळ आला, पण त्याला काय करावं कळेना. त्याने फरशीवर शोधून तो दात तिच्या तळहातावर ठेवला.

"त्याला भेटायला जाऊ या," ती म्हणाली.

"कुणाला?"

"ट्रेलरवाल्याला."

तो जायला तयार नव्हता. तिथे काय तोंड दाखवायचं? ती म्हणाली, तू दाखवू नकोस, मी दाखवते, तू मागे उभा राहा. शेवटी तो आला. हॉस्पिटलच्या जिन्यात दोनदा थांबला.

ट्रेलरवाला चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा माणूस होता. खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्यात बांधलेला. त्याची बायको शेजारी स्टुलावर बसून संत्रं सोलत होती. कोण आलंय हे कळल्यावर तिने सोलायचं थांबवलं.

"माझी चूक आहे," नवरा म्हणाला. "पूर्ण माझी. मी खाली बघत नव्हतो."

ट्रेलरवाल्याने मान त्याच्याकडे वळवली. "तुमचा चेहरा मी आज पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला. "इतकी वर्षं तुमच्या क्रेनखाली गाडी लावतोय. आम्हाला वरचं काही दिसत नाही, टप असतो ना. कंटेनर कुठे आला, किती आला, काही कळत नाही. मी आपला स्टेअरिंग धरून बसतो. मनात म्हणतो, वर माणूस आहे, तो बघतोय. म्हणून मला कधी भीतीच वाटली नाही."

तो चिडून बोलला नव्हता. पण तिने पाहिलं, तिच्या नवऱ्याने पलंगाची दांडी घट्ट धरली. ट्रेलरवाल्याच्या बायकोने संत्र्याच्या फोडी त्याच्या तोंडात भरवायला घेतल्या. मग एक फोड तिने पाहुण्यांपुढेही धरली. क्रेनवाल्याला ती घेता येईना. त्याच्या बायकोने घेतली.

घरी आल्यावर त्याने स्टूल ओढलं आणि स्वयंपाकघरातला कॅमेरा काढला. मग बोळकंडीतला. हॉलमधल्याकडे आल्यावर थांबला. "बाबा, हा राहू दे का?"

सासरे म्हणाले, "त्यापेक्षा गळ्यात अडकवायची घंटी आण. दाबली की वाजेल. मी पडलो तर मीच सांगेन. तुला शोधत बसायला नको." तो हसला नाही, पण त्याने स्क्रू काढला. भिंतीला लहान लहान भोकं राहिली.

क्रेन त्याला परत मिळाली नाही. चौकशीनंतर त्याला खाली यार्डात, कंटेनरची दारं आणि सील तपासायच्या कामावर घेतलं. फोन कपाटात. घरी आल्यावर तो चहाला बसायचा, पण काय बोलावं हे दोघांनाही कळायचं नाही. मोडलेल्या सांध्यासारखं झालं होतं, हलवलं की दुखायचं. तो विचारायचा, "सगळं ठीक?" ती म्हणायची, "ठीक." मग दोघं कपात बघायची. कधी कधी त्याचा हात खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

एका दुपारी ती मेण पुसायला खिडकीत गेली आणि तिने त्याला पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीशी, कामाच्या पिवळ्या जाकिटात तो उभा होता. मान वर करून त्यांच्या खिडकीकडे बघत होता. तिला पाहून त्याने मान खाली घातली.

म्हणजे अजून तेच. पडदा ओढावा, असं वाटलं. पण तिने पडदा ओढला नाही. ती हात पुसून खाली गेली आणि रस्ता ओलांडून त्याच्याजवळ गेली.

"कधीपासून उभा आहेस?"

"आत्ताच आलो."

"खरं सांग."

"जेवणाची सुट्टी झाल्यापासून. रोज नाही येत. कधी कधी."

"वर का नाही आलास?"

"वर आलो असतो तर तू म्हणाली असतीस, आलास का पुन्हा नजर ठेवायला."

ती खरंच तसं म्हणाली असती. ती पायरीवर बसली. तोही बसला, थोडं अंतर ठेवून.

"तुला नक्की काय वाटतं?" तिने विचारलं. "काळजी म्हणू नकोस. दुसरं काहीतरी सांग."

समोरून माणसं जात होती. "भीती वाटते," तो म्हणाला. "बाबा पडतील याची नाही. म्हणजे तीही आहे. पण वर बसलं ना, की खाली सगळं इतकं लहान दिसतं. माणसं मुंग्यांएवढी. मला वाटायला लागलं, आपण इथे लटकलोय आणि तिकडे घरात सगळं होऊन जाईल. मला कुणी सांगणारही नाही. तुम्हाला माझ्यावाचून अडत नाही, हे मी रोज फोनवर बघायचो. तू काम करतेस, बाबा जेवतात, काकू येतात. सगळं चालू. आणि बघितल्याशिवाय राहवायचं नाही."

हे तिला माहीत नव्हतं. इतके दिवस तिला वाटत होतं, हा आपल्याला बघतोय.

"मी त्या दिवशी फाटकाशी उभी होते," ती म्हणाली. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. "जाळीतून बघत होते. खाली बसलेला तू आहेस की दुसरा कुणी, कळत नव्हतं. रुग्णवाहिका माझ्याजवळून गेली आणि मला वाटलं, आत तू आहेस. मी तिच्यामागे पळाले. थोडंसंच. मग पहारेकऱ्याने थांबवलं."

"पळालीस?"

"चप्पल निसटली एक. तशीच आत आले. कचेरीत माझ्या एका पायात चप्पल नव्हती. तू बघितलंसही नाहीस."

त्याने तिच्या पायांकडे पाहिलं, जणू आत्ताही एकात चप्पल नसेल. "मग घरी येताना तशीच?"

"मुकादमाने आणून दिली. त्याने विचारलं, वहिनी, ही तुमची का, आणि मला ओळखूच येईना."

दोघं तशीच बसून राहिली. त्याची सुट्टी संपून गेली असणार. त्याला उशीर होत होता, आणि मुकादम या वेळी ऐकून घेणार नव्हता, हे तिला कळत होतं. उद्याही तो इथे येऊन उभा राहील का, हे तिला सांगता आलं नसतं. कदाचित राहील.

वरून खिडकी उघडल्याचा आवाज आला. सासरे काठी टेकून बाहेर डोकावत होते. "काय रे धाकट्या," ते म्हणाले, "भांडायचं तर वर येऊन भांडा. मला इथून एक शब्द ऐकू येत नाही."

"भांडत नाही, बाबा," तो म्हणाला.

"मग काय चाललंय?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांगते नंतर." आणि मग त्याला म्हणाली, "तू जा आता. उशीर झालाय. संध्याकाळी पुढचं सांगते, पहारेकरी काय म्हणाला ते."

तो उठला, जाकीट खाली ओढलं आणि बसथांब्याकडे चालायला लागला.